पद्मिनी, अँबॅसेडर की एट हंड्रेड? जुन्या देशी गाड्यांची किंमत आणि घडण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या देशी मोटारींचे शौकीन एकत्र आले की वाद ठरलेले असतात: कुणाची घडण चांगली, कुणाला किती मोजावेत, ओरिजिनल ठेवावी की सुधारावी. खालची उत्तरं प्रामुख्याने कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी, बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसेडर आणि पहिल्या पिढ्यांची मारुती ८०० यांना धरून आहेत. बाकीच्या गाड्या जिथे विषय निघतो तिथे येतील.

जुन्या गाडीची किंमत नेमकी कशावरून ठरते?

पहिला पत्रा, दुसरे कागद, तिसऱ्या अंगावरच्या वस्तू, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. नवखा खरेदीदार नेमका उलटा जातो. इंजिन एका सेल्फमध्ये लागलं की तो खूश होतो आणि बयाणा देऊन टाकतो.

इंजिन शेवटी का, तर पद्मिनीचं १०८९ सीसीचं किंवा अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन उघडून बोअरिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह असं पूर्ण काम करून देणारे मिस्त्री अजून आहेत आणि त्याचे सुटे भागही मिळतात. खर्च आधी सांगता येतो. सडलेल्या पत्र्याचं तसं नाही. बाहेरून तळहाताएवढा दिसणारा गंज रंग उडवल्यावर हातभर निघतो, आणि त्यामागचा आतला पत्राही गेलेला असतो. डेंटरच्या मजुरीचे दिवस कुणालाच आधी मोजता येत नाहीत.

अंगावरच्या वस्तूंचं गणित आणखी वेगळं. ग्रिल, बंपरचे गार्ड, क्रोमच्या पट्ट्या, टेल लॅम्पच्या काचा, डॅशबोर्डवरचं मीटर, दरवाजांची आतली हँडल, काचांभोवतीचं बिडिंग: यातली एकेक वस्तू किरकोळ दिसते, पण पंधरा वस्तू गायब असतील तर त्या शोधण्यात वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणून दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली, तर इंजिन बंद पण अंगावर सगळं शाबूत असलेली गाडी घ्यावी. इंजिन चालू पण अर्धी उघडी गाडी शेवटी महाग पडते.

हिशोब असा करा: मागितलेली किंमत, अधिक ओळीओळीने लिहिलेला दुरुस्तीचा खर्च, अधिक त्या खर्चाच्या निदान तीस टक्के राखीव रक्कम. या बेरजेत कुणीतरी पूर्ण करून ठेवलेली, कामाचे फोटो असलेली गाडी मिळत असेल तर ती घेण्यात कमीपणा नाही. बहुतेक वेळा तोच शहाणा सौदा ठरतो.

तिघींमध्ये घडणीने सरस कोणती?

हा वाद मिटणार नाही, कारण तिन्ही गाड्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आधी मापं समोर ठेवू. पद्मिनीची लांबी ३९३० मिमी, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिमी. अँबॅसेडरची लांबी ४३२५ मिमी, चाकांमधलं अंतर साधारण २४६४ मिमी. १९८६ नंतरच्या मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिमी आणि चाकांमधलं अंतर २१७५ मिमी.

आता आत बसून बघा. पद्मिनीपेक्षा जवळपास ६० सेंटिमीटर आखूड असलेल्या मारुतीत पाय ठेवायला जागा कशी निघाली? इंजिन आडवं बसवलं, ताकद पुढच्या चाकांना दिली, त्यामुळे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा मधला प्रॉपेलर शाफ्ट गेला आणि त्याच्यासाठीचा उंचवटाही गेला. ऐंशीच्या दशकात भारतीय गिऱ्हाइकाला हा बदल केवढा मोठा वाटला असेल, ते त्या दोन मापांवरूनच समजतं.

अँबॅसेडरचं बलस्थान मागची सीट. छप्पर उंच, सीट उंच, दार मोठं. धोतर किंवा नऊवारी नेसलेल्या माणसालाही वाकून घुसावं लागत नाही. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ चा हा सांगाडा १९५७-५८ मध्ये इथे आला आणि २०१४ पर्यंत टिकला. पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे), मागे पाटे. खराब रस्त्यावर ती सावकाश डुलत जाते आणि खड्ड्याचा धक्का मागच्या सीटपर्यंत कमी पोचतो. वळणावर मात्र कलते, आणि पुढचं वजन स्टेअरिंगला जाणवतं.

पद्मिनी या दोघींच्या मध्ये आहे. तिचा मूळ वंश १९५३ मध्ये जिनिव्हात दाखवलेल्या फियाट ११०० पर्यंत जातो, आणि त्यामागे दांते जाकोसा यांच्यासारखा इंजिनिअर होता. वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नाही, पत्र्याचं अंगच भार वाहतं, तेही पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला. खांब बारीक, काचा मोठ्या, बोनेट उतरतं, त्यामुळे गाडीचे चारही कोपरे चालकाला कळतात. मुंबईच्या गल्ल्यांत टॅक्सी म्हणून ती कित्येक दशकं चालली, त्याला हेही एक कारण आहे. आमचा कौल रेषेच्या बाबतीत पद्मिनीला. मागच्या मडगार्डवरची ती किंचित उचललेली कड, तिच्यातच बसवलेला दिवा आणि दाराच्या मधून जाणारी सरळ घडी: एवढ्या लहान गाडीवर इतका समतोल क्वचित दिसतो. जागेच्या वापरात पहिली मारुती. बसण्याच्या सुखात अँबॅसेडर.

फियाट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी या वेगळ्या गाड्या आहेत का?

१९६४ नंतरच्या गाड्यांचं अंग एकच, नावं काळाप्रमाणे बदलली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० ची वेगवेगळी रूपं बनवली. पन्नासच्या दशकातल्या गोल, फुगीर अंगाच्या फियाटला मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, आणि शौकिनांमध्ये हा शब्द प्रेमानेच वापरला जातो. १९६४ पासून चौकोनी पाठीची ११००डी आली. सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि मग प्रीमियर पद्मिनी. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं.

खरेदी करताना वर्षाचा फरक पडतो. जुन्या गाड्यांना गिअर स्टेअरिंगच्या खांबावर आणि पुढे सलग बाकडं असतं. शेवटच्या वर्षांत गिअर खाली आला. १३७डी हे डिझेल रूप १३६६ सीसीच्या इटालियन बनावटीच्या इंजिनाचं. त्याचे भाग शोधणं पेट्रोलपेक्षा अवघड, त्यामुळे डिझेल घेताना इंजिन निरोगी असणं ही पहिली अट ठेवा. संग्राहक बहुतेक करून खांबावरच्या गिअरची पेट्रोल गाडी पसंत करतात आणि तिला जास्त मोजतात.

अँबॅसेडरचं कोणतं मॉडेल घ्यावं?

दिसण्यासाठी घ्यायची तर जितकी जुनी तितकी चांगली. मार्क १ ची, म्हणजे पहिल्या मॉडेलची, पुढची जाळी आणि डॅशबोर्ड पुढच्या कोणत्याही मार्कला नाही. रोज नाही तरी महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर करायचं असेल, तर नव्वदच्या दशकातली १८०० आयएसझेड घ्या. तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा खालचा दांडा आहे. जुन्या १४८९ सीसीच्या ब्रिटिश (बीएमसी) इंजिनाची अँबॅसेडर ताशी ७० किमीवर खूश असते. आयएसझेड ९० ला आरामात जाते.

एक खूण लक्षात ठेवा. पुढून गाडी एका बाजूला बसलेली दिसली तर लगेच घाबरू नका. टॉर्शन बार थकला की असं होतं आणि तो खाचा बदलून वर घेता येतो. मात्र बार जिथे मागे बांधलेला असतो त्या आडव्या पत्र्याला तडा किंवा वेल्डिंगच्या थप्प्या दिसल्या, तर गाडी सोडा. तिथलं काम नीट झालं नसेल तर चाकांचं अलाइनमेंट कधीच टिकत नाही.

मारुती ८०० ला ‘क्लासिक’ म्हणायचं का?

हो, निदान पहिल्या पिढीला. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. १९८६ पर्यंतची ही एसएस८० आता दुर्मीळ झाली आहे, कारण लोकांनी ती जपली नाही. वापरली आणि भंगारात दिली. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि ते पुढे अनेक वर्षं चाललं. त्यामुळे यांत्रिक भागांची चिंता नाही. चिंता आहे ती त्या पहिल्या अंगाच्या काचा, दिवे, डॅशबोर्ड आणि दारांच्या आतल्या पॅनलची, कारण १९८६ च्या पुढच्या मॉडेलचे बसत नाहीत. विकणारा म्हणाला, ‘दिवा काय, कुठेही मिळेल,’ तर त्यालाच आणून लावायला सांगा.

गंज कुठे आणि कसा शोधायचा?

गाडी सकाळी, कोरडी आणि सावलीत बघा. पावसात किंवा नुकतीच धुतलेली गाडी रंगाचे सगळे दोष झाकते. सोबत लोहचुंबक, पातळ फडका, टॉर्च, जॅक आणि जाड सुई घ्या.

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या खालच्या कडा, दारांची खालची चार बोटं आणि डिकीच्या झाकणाची कड यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते. तळहाताएवढ्या जागेत पकड पूर्ण गेली तर पत्रा उरलेला नाही असं समजा. बोटाच्या गाठीने वाजवून पाहिलं तर लांबीचा आवाज बद्द येतो, पत्र्याचा टणक.

मग रबरी मॅट आणि कार्पेट उचला. पद्मिनीत चालकाच्या पायाखालचा भाग, पुढच्या काचेच्या खालचे कोपरे, बॅटरी ठेवायचा पाट आणि डिकीतली स्टेपनीची जागा आधी जाते. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी आत झिरपतं, डॅशबोर्डच्या मागून पायापाशी उतरतं आणि मॅटखाली साचतं. म्हणजे फ्लोअर सडण्याचं कारण अनेकदा काच असते. फ्लोअर नवा घातला आणि काचेचं रबर तेच ठेवलं, तर दोन पावसाळ्यांत परत तेच.

आता सिल, म्हणजे दाराखालची उंबरठ्यासारखी लांब पोकळ पट्टी. वेगळी चासी नसलेल्या गाडीत हाच कणा आहे. जॅक तिथे लावून गाडी थोडी उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. दार अडकलं किंवा फट बदलली तर सिल आतून पोकळ झाली आहे. सुईने टोचून बघायला मालकाची परवानगी घ्या. नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

गाडीखाली ताजा, जाड काळा डांबरी थर दिसला तर जास्त सावध व्हा. चांगल्या पत्र्यावर कुणी विकण्याच्या आदल्या आठवड्यात अंडरकोटिंग करत नाही.

शेवटी टेप घ्या. डाव्या बाजूला पुढच्या सस्पेन्शनच्या एका बोल्टपासून मागच्या पाट्याच्या पुढच्या पिनपर्यंत मोजा, मग उजवीकडे तेच. फरक काही मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला तर गाडीला मोठा मार बसलेला आहे. कर्ण मोजूनही हे ताडता येतं.

इंजिन किती तपासायचं?

अर्धा तास पुरतो. गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड होईपर्यंत थांबा. थंड सुरुवातीला थोडा निळा धूर आला आणि गेला तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या आहेत. रेस देताना सतत निळा धूर येत राहिला तर रिंगा. रेडिएटरच्या टोपणाखाली दुधी तेलकट साय दिसली तर हेड गॅस्केट.

कॉम्प्रेशन मोजायचं तर इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची मधली वायर सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेऱ्या द्या. नेमक्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या १० ते १५ टक्क्यांत असणं महत्त्वाचं. एक कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

इग्निशन नीट लावलेलं नसल्यामुळे कितीतरी चांगली इंजिनं ‘थकलेली’ म्हणून स्वस्तात विकली जातात. प्लगची फट साधारण ०.६ मिमी, पॉइंटची ०.४ मिमीच्या आसपास, कंडेन्सर नवा, पद्मिनी-अँबॅसेडरची फायरिंग ऑर्डर १-३-४-२. एवढं केल्यावर गाडी बदललेली दिसते.

उन्हाळ्यात घाट चढून थांबलं की गाडी परत लागत नाही. का?

इंजिन बंद केल्यावर ब्लॉकची उष्णता पेट्रोल पंपात आणि नळीत चढते, पेट्रोलची वाफ होते, आणि पंप द्रवाऐवजी वाफ ढकलत बसतो. पद्मिनीचा पंप ब्लॉकलाच बसवलेला असल्यामुळे तिला हा त्रास जास्त. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते बरोबर होतं. पण तो तात्पुरता उपाय.

पंप आणि ब्लॉकच्या मधला बेकलाइटचा जाड तुकडा शाबूत आहे का ते आधी बघा. ओव्हरहॉलच्या वेळी तो हरवतो आणि त्याच्या जागी नुसतं कागदी गॅस्केट बसतं, हे सर्रास आढळतं. तुकडा बदलताना पंपाच्या दांड्याची पोच बदलते, म्हणून जाडी मूळ मापाचीच हवी. नळी एक्झॉस्टपासून दूर वळवा. याउपरही त्रास राहिला तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवा, आणि त्याच्या वायरमध्ये फ्यूज तसंच ऑइल प्रेशर गेलं की पंप बंद करणारा स्विच घाला. तो स्विच टाळू नका. अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल ओतत राहणं हा जिवाचा प्रश्न आहे.

शिसं नसलेल्या आणि इथेनॉलच्या पेट्रोलचा काय परिणाम होतो?

दोन वेगळे मुद्दे आहेत. व्हॉल्व्हच्या सीटना (बैठकींना) झिजेपासून वाचवणारं शिसं २००० पासून भारतात पेट्रोलमध्ये नाही. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनिअमचं, त्यात व्हॉल्व्हच्या सीट वेगळ्या बसवलेल्या, त्यामुळे तिला झळ कमी. अँबॅसेडरच्या जुन्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हेडमध्ये सीट थेट बीडातच कापलेल्या आहेत. सतत वेगात चालवली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो, टॅपेटची फट कमी होत जाते आणि शेवटी कॉम्प्रेशन जातं. हेड उतरवण्याची वेळ आलीच तर एक्झॉस्टला कडक पोलादी सीट बसवून घ्या. केवळ त्यासाठी हेड उतरवू नका. महिन्याला शंभर किमी फिरणाऱ्या गाडीला घाई नाही. टॅपेटची फट मात्र तपासत राहा.

इथेनॉलचा मुद्दा जास्त तातडीचा. २० टक्के मिश्रणात जुन्या रबरी नळ्या फुगतात, पंपाचा पडदा मऊ होतो, कार्बुरेटरचं जस्तमिश्रित अंग पांढरं पडतं आणि टाकीतला जुना गंज सुटून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात अडकतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या एफकेएम रबराच्या घाला, पडदे आणि वॉशरचा संच बदला, टाकी आतून साफ करा, टाकी आणि पंपाच्या मध्ये काचेचा फिल्टर लावा म्हणजे घाण डोळ्यांना दिसते. हवा-पेट्रोलचं मिश्रणही पातळ पडतं. मुख्य जेट ११५ चा असेल तर १२० केल्याने छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं आणि तूट भरून निघते. प्लग पांढरे दिसत असतील तरच हे करा. फिकट तपकिरी असतील तर जेटला हात लावू नका.

ब्रेक तसेच ठेवावेत की डिस्क बसवावेत?

ड्रम ब्रेक नीट लावलेले असतील तर या गाड्यांच्या वेगाला पुरतात. घाबरायचं आहे ते एकच सर्किट असलेल्या जुन्या मॉडेलना: एक व्हील सिलिंडर गळला की पेडल खाली जातं आणि चारही ब्रेक जातात. पेडल जोरात दाबून पूर्ण मिनिटभर धरा. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडरची वॉशर गेली आहे. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणं हा असा बदल आहे ज्याच्यावर ओरिजिनलवाल्यांनीही हरकत घेऊ नये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. कोकणात आणि मुंबईत ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. डिस्क बसवल्याच तर जुने ड्रम, हब आणि प्लेटा जपून ठेवा. पुढच्या खरेदीदाराला त्या लागतील.

डिझेल इंजिन घातलेली पद्मिनी किंवा अँबॅसेडर स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?

ऐंशी-नव्वदच्या दशकांत पेट्रोल परवडत नाही म्हणून अशा हजारो गाड्यांचं इंजिन बदललं गेलं. अशा गाडीची किंमत जवळपास फक्त अंगाची धरा. जड इंजिनाने पुढचे स्प्रिंग बसतात, इंजिनखालच्या आडव्या बीमला चिरा जातात, माउंटिंगसाठी पत्रा कापलेला असतो. त्याहून मोठं म्हणजे आरसी बुकवर बदल नोंदलेला हवा. नोंद नसेल तर पुन्हा नोंदणीच्या वेळी गाडी अडते. अंग उत्तम आणि नोंद स्वच्छ असेल तर मूळ पेट्रोल इंजिन शोधून परत बसवणं शक्य आहे, पण गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर आणि ॲक्सिलरेटरची जोडणीही परत आणावी लागते, हे हिशोबात धरा.

टॅक्सी म्हणून चाललेली पद्मिनी?

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ मध्ये झाली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. भावना समजण्यासारखी आहे, पण टॅक्सीने रोज दोन पाळ्या केलेल्या असतात. छपरावरची मीटरची आणि कॅरिअरची भोकं, सीएनजी टाकीसाठी डिकीत मारलेले बोल्ट, दारांचे झिजलेले बिजागर हे सगळं बघा. कागदांवर टॅक्सीची नोंद बंद झाली आहे का, खासगी नोंदणीत बदल झाला आहे का, ते आधी पाहा. भंगारात नोंद झालेली गाडी परत रस्त्यावर येत नाही. भागांसाठी घ्यायची तर मात्र उत्तम.

सिएरा, काँटेसा, हेराल्ड यांचं काय?

टाटा सिएरा, पिंपरीची, १९९१ ची. घडण म्हणून त्या काळच्या भारतातली सर्वांत धाडसी गाडी, आणि कारण एकच: छपरापर्यंत वळलेल्या मागच्या मोठ्या काचा. किंमतही त्याच काचांवर ठरते. एक काच फुटली की दुसरी शोधणं हेच मोठं काम. काचेभोवती आतून पाण्याचे डाग आणि कडेला गंज नाही ना, हे पहिलं बघा. यांत्रिक बाजू टाटाच्या पिकअपची, त्यामुळे तिकडे अडचण नाही.

काँटेसा १९८४ ची, मूळ ब्रिटनची व्हॉक्सहॉल व्हिक्टर. सुरुवातीच्या गाड्यांना अँबॅसेडरचं इंजिन होतं आणि त्याला ते अंग पेलत नव्हतं. इसुझूच्या १८१७ सीसीची घ्या. इथे डिझाइन आणि किंमत दोन्ही एकाच दिशेला जातात.

स्टँडर्ड हेराल्ड मद्रासची, रेखाटन इटलीच्या मिकेलॉत्ती यांचं. मडगार्डसकट सगळं बोनेट पुढे उघडतं, त्यामुळे इंजिनावर काम करताना टायरवर बसता येतं. चासी वेगळी आहे, आणि तिच्या बाजूला निघणारे हात सडले की बॉडी खचते. तिथे टॉर्च मारल्याशिवाय सौदा करू नका.

सुटे भाग कुठे मिळतात?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, अँबॅसेडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार, एकूणच दिल्लीचं कश्मीरी गेट. फोनवर ‘आहे’ म्हणणारे बरेच असतात. जुना भाग बरोबर नेऊन शेजारी ठेवून जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. रबरी वस्तू जुन्या साठ्यातल्या असतील तर बोटांत वाकवून पाहा. वाकवताना बारीक भेगा पडल्या तर वस्तू ‘नवी’ असूनही निकामी आहे.

मूळ रंग फिका पडला आहे. नवा मारावा का?

पत्रा चांगला असेल तर मारू नका. चाळीस वर्षांचा कारखान्याचा रंग परत मिळत नाही, आणि आतल्या जाणकाराच्या हिशोबात तो नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मोलाचा आहे. पॉलिश करा, ओरखडे तसेच राहू द्या.

मारायचाच असेल तर क्रम पाळा. गाडी उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो, प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. जुना रंग पूर्ण काढा. सडलेला भाग कापून साधारण ०.९ मिमीचा, म्हणजे २० गेजचा पत्रा कडेला कड जोडून मिगने (विजेच्या वेल्डिंगने) लावा. गॅसने लावला तर उष्णतेने सपाट पत्रा लाटा मारतो. वरून वर पत्रा चिकटवणाऱ्याला काम देऊ नका, दोन थरांमध्ये पाणी राहतं. त्यानंतर लगेच इपॉक्सी प्रायमर, मग लांबी, मग सरफेसर, मग रंग. उघडा पत्रा एक रात्रसुद्धा पावसाळी हवेत ठेवायचा नाही. रंग झाल्यावर सिल आणि दारांच्या पोकळीत मेण फवारा. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते.

कागदांत काय बघायचं?

चासीवर पंच केलेला क्रमांक कार्बन पेपर घासून उतरवा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. इंजिनाचाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर फॉर्म २५ भरून दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. १५ ते २० वर्षांच्या मोटारीला ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये शुल्क आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतून आणायची तर फॉर्म २८ चं ना-हरकत. जुनं कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेची नोंद आरसीवर राहिलेली असते. फॉर्म ३५ आधी मालकाकडून पूर्ण करून घ्या. १९८९ पूर्वीचा तीन अक्षरी क्रमांक शाबूत असेल तर गाडीचं मोल वाढतं, म्हणून तो जपा.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ अंग आणि इंजिन न बदललेल्या गाडीला जुलै २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं. अट नीट वाचा: अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यापुरतीच. अधूनमधून कुटुंबाला घेऊन फिरायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

विमा कसा काढायचा?

फक्त थर्ड पार्टी काढून थांबू नका. पाच वर्षांहून जुन्या किंवा बंद झालेल्या मॉडेलची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. गाडीचे फोटो, खर्चाची बिलं आणि जाणकाराचा मूल्यांकन अहवाल दिला तर रक्कम वाढवून घेता येते. दिलं नाही तर भंगाराच्या भावाने आकडा टाकला जातो, आणि तो चोरीच्या वेळी लक्षात येतो.

पावसाळाभर गाडी उभी ठेवायची आहे. काय करू?

प्लास्टिकचं नाही, हवा खेळती ठेवणारं कापडी आवरण घाला. टायरची हवा पाच-सात पीएसआय वाढवा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, हँडब्रेक ओढू नका, चाकाला लाकडी ठोकळा लावा. इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका. ते पाणी ओढून घेतं आणि पाण्याचा थर तळाशी बसतो. दर पंधरवड्याला वीस मिनिटं, इंजिन पूर्ण तापेपर्यंत प्रत्यक्ष चालवा. जागेवर दोन मिनिटं सुरू करून बंद केल्याने सायलेन्सरमध्ये फक्त पाणी साचतं. गाडी हलवणं शक्यच नसेल तर क्लचचं पेडल लाकडाच्या पट्टीने दाबून ठेवा, नाहीतर दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. चिकटलीच, तर मागची चाकं (मारुतीत पुढची) जॅकवर उचला, स्टँड लावा, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुरू करा आणि क्लच दाबून धरून ब्रेक हलकेच मारा. दोन-तीन झटक्यांत सुटते.